यंत्राचा जॉबर कोणाचा?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावासमोर संगणकाचा विषय पाहून काही मंडळींनी ही छापखान्याची चूक असावी असे धरून चालले, असे चालकांनीच आम्हांला सांगितले. त्यांचा दोष नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे फाटकावरच्या सभा, मागण्यांची पत्रके आणि लेबर ऑफिसच्या पायऱ्या यांतच गेली. इंग्रजी आम्ही शिकलो ते कायद्याची पुस्तके शब्दकोश जवळ घेऊन वाचता वाचता. संगणकाचा इतिहासही तसाच, उसनी पुस्तके आणून, रात्रीच्या वेळी वाचला. तेव्हा आम्ही जे सांगणार ते इंजिनियरचे सांगणे नव्हे. यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाजूने यंत्राकडे पाहण्याची सवय आम्हांला लागलेली आहे. तिच्यातून जे दिसले ते येथे मांडावयाचे आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यातून कमी केलेल्या बेचाळीस कंत्राटी कामगारांच्या प्रकरणाची समेट अधिकाऱ्यांपुढे अकरा वाजता सुनावणी होती. नऊ पानांचे निवेदन आमच्या चिटणीसांनी आदल्या रात्री जागून संगणकावर तयार केले होते. सकाळी साडेनऊला कागद काढावयाचे म्हणून यंत्र सुरू केले, तो पडद्यावर निळ्या रंगात सूचना आली की सुधारणा चालू आहेत, यंत्र बंद करू नका. खाली आकडा होता, शेकडा तीस. पंधरा मिनिटांनी पाहिले तरी तीसच. बाहेर ओट्यावर बेचाळिसांपैकी दहाबारा जण येऊन बसलेले. चिटणीस घामाघूम झाले आणि आम्हांला म्हणाले, "भाऊ, माझ्याच हातून काल काहीतरी झालं असणार."

निवेदन आम्ही तिघांनी पाने वाटून घेऊन, मूळच्या टिपणांवरून, कार्बन घालून हाताने लिहिले आणि अकराला पाच मिनिटे असताना लेबर ऑफिसात पोचलो. त्या प्रकरणाचे पुढे काय झाले हा विषय निराळा. आमच्या डोक्यात राहिले ते चिटणिसांचे वाक्य. हा गृहस्थ मालकाच्या वकिलापुढे कधी मान खाली घालीत नाही. आणि एक यंत्र आपण होऊन थांबले, तर हा म्हणतो माझी चूक!

आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सूत निकृष्ट आले, साचा जुना झाला, धागा तुटत राहिला, की कापडात डाग पडे, फट पडे. असे बिघडलेले कापड विणकराच्या गळ्यात बांधून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची चाल मुंबईच्या गिरण्यांत फार जुनी होती. १९२० नंतरच्या दशकातल्या गिरणी कामगारांच्या गाऱ्हाण्यांत ती ठळकपणे दिसते. १९३६ साली पगार देण्यासंबंधीचा कायदा झाला, तेव्हा कोठे असे ठरले की नुकसान कामगाराच्या हयगयीने किंवा कसुरीने झाले असेल तरच कपात करावयाची, आणि तीही नुकसानीच्या रकमेपेक्षा अधिक नाही. यंत्राचा दोष माणसाच्या माथी मारू नये, एवढे एक वाक्य कायद्याच्या पुस्तकात यावे म्हणून आमच्या आधीच्या पिढ्यांनी काय काय सोसले ते या सभागृहातील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. आणि आज घरोघर माणसे त्याच दोषाची टोपली आपण होऊन डोक्यावर घेतात. "मला यातलं कळत नाही हो" हे वाक्य आम्ही बँकेत, रेशन दुकानात, शाळेत, पेन्शनच्या रांगेत ऐकतो. बोलणारी माणसे आयुष्यभर अवघड कामे केलेली असतात.

म्हणून आम्ही शोध सुरू केला तो एवढ्याचसाठी की, हे जे यंत्राचे रोजचे अडणे, अडविणे आहे, त्याला काही इतिहास आहे काय? आहे. आणि त्यातल्या पुष्कळशा अडवणुकीला तारीख आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे, पण ती वस्तू काय आहे ते सांगून पुढे जाऊ. गिरणीच्या भाषेत बोलावयाचे तर ती यंत्राचा जॉबर होय. खात्यात कोणता साचा कोणाकडे, कोणाला आधी सूत मिळावयाचे, कोणी थांबावयाचे, कोणाला आत घ्यावयाचे, हे जॉबर ठरवी. संगणकात पडदा, कळफलक, छपाईयंत्र, साठवण आणि निरनिराळे प्रोग्राम यांना कामे वाटून देणारा जो मुख्य प्रोग्राम, ती ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या परवानगीवाचून एक अक्षर पडद्यावर उमटत नाही. जॉबर आपल्यात वावरत असे, आपलीच भाषा बोलत असे, अडीअडचणीला कर्जही देत असे. पण तो माणूस कोणाचा होता हे साचेवाल्याला पक्के ठाऊक होते. आपल्या टेबलावरच्या या जॉबरविषयी मात्र तो प्रश्न आपण विचारीत नाही.

पहिल्या संगणकांना हा जॉबर नव्हताच. १९५० च्या सुमारास अमेरिकेत ज्या मोठ्या कंपन्यांनी यंत्रे भाड्याने आणली, त्यांत प्रत्येक प्रोग्राम लिहिणाऱ्याला घड्याळ लावून काही मिनिटे दिली जात. त्याने आपला भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन यावयाचे, फिती चढवावयाच्या, बटणे जुळवावयाची, आणि वेळ संपली की दुसऱ्याला जागा द्यावयाची. या चढविण्या-उतरविण्यात यंत्र निष्कारण उभे राही आणि भाडे मात्र चालू राही. आयबीएम कंपनीच्या ७०४ या यंत्रावर हा अपव्यय फारच डोळ्यांत भरू लागला, तेव्हा १९५६ साली जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातील रॉबर्ट पॅट्रिक आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमधील ओवेन मॉक यांनी मिळून एक प्रोग्राम तयार केला. एकाचे काम संपले की दुसऱ्याचे आपोआप सुरू करावयाचे, एवढीच त्याची कामगिरी. ज्याला खऱ्या अर्थाने ऑपरेटिंग सिस्टिम म्हणता येईल असा हा बहुतेक पहिलाच प्रोग्राम.

यातली आमच्या कानाला गोड लागलेली गोष्ट अशी की, हा पहिला जॉबर यंत्र विकणाऱ्याने नेमलेला नव्हता. तो वापरणाऱ्यांनी आपल्यासाठी घडविला. त्याच्या आदल्या वर्षी, १९५५ साली, कॅलिफोर्नियात या यंत्रांचे वापरणारे एकत्र आले आणि त्यांनी 'शेअर' नावाची संघटना काढली. नावाचा अर्थच वाटून घेणे. विमाने बांधणाऱ्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी कंपन्या तीत होत्या. बाजारात एकमेकींचा गळा धरणाऱ्या या कंपन्यांची माणसे आपण लिहिलेले प्रोग्राम एकमेकांना फुकट देत, चुका कळवीत, आणि आयबीएमसमोर एका आवाजात मागण्या मांडीत. याला आमच्या भाषेत युनियन म्हणतात. मालकांचीही युनियन होऊ शकते आणि तिला यश येते, हे आम्ही नेहमीच म्हणत आलो आहोत!

परंतु याच जन्मकथेत दुसरीही एक गोष्ट आहे. हा प्रोग्राम यंत्राचा वेळ वाचविण्यासाठी जन्मला, माणसाचा नव्हे. त्या काळी यंत्राचा तास फार महाग होता आणि माणसाचा त्यामानाने स्वस्त. त्यामुळे पुढे अशी पद्धत पडली की कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी निकाल घ्यावयास यावयाचे. एका कार्डावर स्वल्पविराम चुकला तर एवढेच कळे की चुकला. दुरुस्त करून पुन्हा रांगेत. आत काचेच्या थंडगार खोलीत यंत्र, बाहेर माणूस ताटकळलेला. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी बसून काम करण्याची पद्धत चालवून दाखविली, ती या ताटकळण्याला कंटाळूनच. पुढे यंत्रे इतकी स्वस्त झाली की ती आपल्या खिशात आली. माणसाचा तास आता महाग आहे असे अर्थशास्त्रज्ञ सांगतात. तरी बाहेर थांबावयाचे कोणी, याचे उत्तर बदललेले नाही. शेकडा तीसवर थांबलेल्या त्या आकड्यासमोर आमच्या कचेरीत जे उभे होते, ते त्या खिडकीसमोरच उभे होते.

आता आपल्याकडे त्या वेळी काय चालले होते तेही पाहू. पहिला जॉबर अमेरिकेत घडला त्याच १९५६ साली येथे आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपला स्वतःचा संगणक बांधून १९६० साली चालू केला. आणि त्या दशकात विमा कचेऱ्यांत मोठे संगणक येणार म्हटल्यावर कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. कलकत्त्यात तर इलाको हाउस या इमारतीत यंत्र येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारे दिले. स्वयंचलित यंत्रांच्या प्रश्नावर सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याचे प्राध्यापक वि. म. दांडेकर. तिचा अहवाल १९७२ साली आला. पुढे १९८३ च्या सप्टेंबरात बँक कर्मचारी संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला.

त्या लढ्यांची आज काही लोक टवाळी करतात. "हे संगणकाला विरोध करणारे!" असे म्हणून हसतात. आम्ही त्यांच्यात सामील होणार नाही. ज्याची नोकरी जाणार आहे त्याने नोकरीविषयी बोलू नये तर कोणी बोलावे? परंतु स्वतःच्या घरचा हिशेब स्वतः मांडावयाचा तर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या चळवळीचा सारा भर यंत्र यावे की येऊ नये, किती यावीत, किती जागा जातील, यावर राहिला. आलेले यंत्र कोण उघडील, कोण दुरुस्त करील, ते अडले तर जबाबदार कोण, आणि त्याच्या आतल्या जॉबरला हुकूम कोण देईल, हे प्रश्न आम्ही पोटतिडकीने विचारले नाहीत. आम्ही स्वतः १९९५ नंतर सह्या केलेल्या वाटाघाटींच्या कागदांतही तसा मजकूर नाही. सुचलेच नाही.

ज्या वेळी हे प्रश्न सुचावयास हवे होते त्याच वेळी तिकडे किल्ली हातातून जात होती. आयबीएमने १९६४ च्या एप्रिलमध्ये ३६० या नावाची यंत्रमालिका जाहीर केली आणि तिच्यासाठी एक प्रचंड ऑपरेटिंग सिस्टिम हाती घेतली. फ्रेडरिक ब्रुक्स हे त्या कामाचे प्रमुख. काम लांबले, खर्च वाढला, चुका राहिल्या. या गृहस्थांचा मोठेपणा असा की त्यांनी पुढे १९७५ साली पुस्तक लिहून आपल्या फजितीची चिकित्सा स्वतःच केली. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली की ते आणखी उशिरा होते, हा त्यांचा सिद्धान्त सर्वांना माहीत आहे. आम्हांला दुसरा एक अधिक उपयोगी वाटला. ते म्हणतात, एक चूक दुरुस्त करताना नवी चूक आत शिरण्याचा संभव बराच मोठा असतो, शेकडा वीसपासून पन्नासपर्यंत. म्हणजे काल नीट चाललेले आपले छपाईयंत्र रात्रीच्या सुधारणेनंतर सकाळी मुके का होते, याचे उत्तर १९७५ पासून छापलेले आहे. चिटणिसांना आम्ही ते पान वाचून दाखविले.

१९६९ पर्यंत यंत्र घेणाऱ्याला प्रोग्राम यंत्राबरोबरच मिळत, आणि पुष्कळदा ते ज्या रूपात लिहिले जात त्या वाचता येण्याजोग्या रूपात मिळत. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकन सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा दावा लावला आणि जूनमध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढे प्रोग्राम निराळे विकू. येथून प्रोग्राम हा स्वतंत्र माल झाला. १९७६ च्या फेब्रुवारीत, विशीतले बिल गेट्स यांनी छंद म्हणून संगणक बाळगणाऱ्यांना एक उघडे पत्र लिहिले: तुम्ही आमचा प्रोग्राम नक्कल करून वाटता, मग लिहिणाऱ्याला मेहनताना कोण देणार? या प्रश्नाला आम्ही हसत नाही. प्रोग्राम लिहिणाराही मजूरच आहे आणि मजुरी मागणे हा त्याचा हक्क. पण मजुरी देणे एक आणि विकत घेतलेल्या वस्तूचे झाकण कायमचे खिळे मारून बंद ठेवणे दुसरे. शिंप्याची शिलाई दिल्यावर सदऱ्याचे बटण आपण आपल्या हाताने लावू नये, असे कोणी शिंपी म्हणत नाही.

या खिळ्यांची सर्वांत बोलकी हकीकत छपाईयंत्राची आहे. एमआयटीच्या एका प्रयोगशाळेत बरीच माणसे मिळून एक छपाईयंत्र वापरीत. ते दुसऱ्या मजल्यावर असो की तळघरात, कागद अडकला की कोणाला पत्ता नसे. अर्ध्या तासाने जाऊन पाहावे तो सर्वांचीच कामे तुंबलेली. तेथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण होता. कागद अडकू न देणे त्याच्या हातात नव्हते. पण जुन्या यंत्राचा प्रोग्राम त्यांच्याजवळ होता, म्हणून त्यांनी तो असा बदलला की कागद अडकताच, ज्यांची ज्यांची कामे तुंबली आहेत त्यांच्या पडद्यावर निरोप जावा. ज्याचे अडले तो उठून कागद काढी. किती साधी युक्ती! पुढे १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने नवे, जलद लेझर छपाईयंत्र त्यांना भेट दिले. तेही अडके. स्टॉलमन यांनी जुनी युक्ती त्यात घालावी म्हणून प्रोग्राम मागितला, तो मिळेना. दुसऱ्या एका विद्यापीठात ज्याच्याजवळ तो होता त्याच्याकडे ते स्वतः गेले. त्याने सांगितले, मी कोणाला न देण्याच्या करारावर सही केली आहे. भेट मिळालेल्या यंत्रासमोर हुशार माणसे हात बांधून उभी राहिली. १९८३ च्या सप्टेंबरात स्टॉलमन यांनी जाहीर केले की सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम आपण तयार करणार. पुढे १९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लायनस टॉरवाल्ड्स याने लिहिलेला गाभा त्या कामाला येऊन मिळाला. कागद अडकण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीवरून जगभर पसरलेली चळवळ निघाली, याचे आम्हांला नवल वाटत नाही. संपही पुष्कळदा पिण्याच्या पाण्यावरून सुरू होतो.

आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत जी यंत्रे आली ती मात्र दुसऱ्या वाटेने. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने छोटा संगणक काढला आणि त्याचा जॉबर मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून घेतला. फ्लॉपी नीट बसली नाही तर हा जॉबर विचारी: सोडून देऊ, पुन्हा करून पाहू, की फसले म्हणू? तिन्हीपैकी काहीही सांगितले तरी निष्पत्ती बहुधा एकच होई. यंत्र अजिबात ऐकेनासे झाले म्हणजे तीन कळा एकदम दाबून ते पुन्हा सुरू करावयाची युक्ती डेव्हिड ब्रॅडली या इंजिनियरने घातलेली होती, ती प्रोग्राम तयार करणाऱ्या माणसांच्या सोयीसाठी. चुकून दाबल्या जाऊ नयेत म्हणून कळा लांब लांब निवडलेल्या. गिऱ्हाइकांना ती लागणार नाही असाच समज होता. आज ती शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. १९९५ साली आलेल्या विंडोजमध्ये यंत्र बंद करावयास 'सुरू' या अर्थाच्या बटणावर जावे लागे. १९९८ च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स व्यासपीठावर असताना नव्या विंडोजला एक यंत्र जोडले आणि भरसभेत पडदा निळा झाला. सभागृह हसले. तेथे कोणी असे म्हटल्याचे नमूद नाही की गेट्ससाहेबांना यातले काही कळत नाही.

मराठी माणसाच्या वाट्याला याहून निराळा एक छळ आला. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे सरकारी प्रमाण १९९१ साली ठरले होते. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीचा समावेश झाला. पण बाजारात जो तो फॉन्ट विकणारा आपले संकेत आपल्यापुरते ठेवून बसला होता. आमची पत्रके एका दुकानात टाईप होत आणि दुसऱ्याकडे छापावयास जात. एकदा 'बेमुदत उपोषण' या मथळ्याचे पत्रक फ्लॉपीवरून छापखान्यात उघडले, तो पडद्यावर चौकोन, अधिकची चिन्हे आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. छापखानेवाला म्हणे टाईप करणाऱ्याची चूक, टाईप करणारा म्हणे छापखान्याची. वस्तुतः दोघेही निर्दोष होते. एकाच्या फॉन्टमध्ये ज्या आकड्याला 'क' म्हणत, त्याला दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये भलतेच काही म्हणत. मजकूर आमचा, पैसे आम्ही मोजलेले, आणि आमच्याच मजकुराला कुलूप दुसऱ्याचे.

युनिकोड आल्यावरही सारे सरळ झाले नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीत देवनागरी होती, पण मूळ चकती घालून 'गुंतागुंतीच्या लिप्या' अशा अर्थाच्या चौकोनात खूण केल्यावाचून ती नीट उमटत नसे. चकती कोणाजवळ असते? आणि 'गुंतागुंतीची' ही पदवी आमच्या बाराखडीला कोणी दिली, हा प्रश्न तर निराळाच! मग ऱ्य. हे अक्षर मराठीला हवे, हिंदीचे त्यावाचून चालते. म्हणून त्याची दखल सर्वांत शेवटी. आता कामगार संघटनेचे कोणते पत्रक 'कर्मचाऱ्यांच्या' या शब्दाशिवाय निघते? वर्षानुवर्षे आमच्या पत्रकांत तो शब्द रफार घेऊन चुकीचा छापला गेला आणि एका सेवानिवृत्त मास्तरांनी आम्हांला दर वेळी पोस्टकार्ड टाकून तो दाखवून दिला. सरकारी प्रमाणाच्या कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ मारली की त्यासाठीचा नुक्त्याचा ऱ मिळतो, हे आम्हांला २०१० नंतर कळले. मास्तर तोवर निवर्तले होते.

यानंतरचा इतिहास ताजा आहे. तो भराभर सांगतो. २०१५-१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवाल्यांना नवी विंडोज १० फुकट देऊ केली आणि घ्याच म्हणून मागे लागली. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली म्हणजे 'नको', हे कंपनीनेच वीस वर्षे सर्वांना शिकविले होते. २०१६ च्या मे महिन्यात त्या सूचनेवरची फुली दाबली तरी ती संमती धरली जाऊ लागली. कॅलिफोर्नियातील, प्रवासाचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंचे यंत्र या न मागितलेल्या बदलाने निकामी झाले. त्या कोर्टात गेल्या आणि दहा हजार डॉलर घेऊन आल्या. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केले की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांची गती आपण प्रोग्रामने कमी केली होती. यंत्र एकदम बंद पडू नये म्हणून, असे कारण दिले. कारण खोटेच होते असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याचा फोन त्याला सांगितले नव्हते. पुष्कळांनी बॅटरी बदलावयाची ती फोनच बदलला. फ्रान्सने २०२० साली यासाठी अडीच कोटी युरोंचा दंड केला आणि पुढच्या वर्षापासून विक्रीच्या काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापण्याची सक्ती केली. अमेरिकेत शेतकरी आपल्याच ट्रॅक्टरचा बंद प्रोग्राम उघडण्याचा हक्क मागत आहेत. आपल्या ग्राहक व्यवहार खात्यानेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. आणि २०२५ च्या ऑक्टोबरच्या १४ तारखेला विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ संपला. पुढची विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चालत नाही, कारण तिला एक विशिष्ट सुरक्षा-चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. सुरक्षेचे कारण पोकळ नाही. तथापि धडधाकट चालणारे यंत्र एका तारखेला म्हातारे ठरते, आणि ती तारीख ते विकत घेणाऱ्याला विचारून ठरत नाही. आमच्या गिरण्यांतून माणसांनाही असेच काढीत. निदान त्यांना नोटीस तरी चिकटवीत.

आमच्या कचेरीतले यंत्र या नव्या कसोटीत नापास झाले. नवीन घ्यावयाचे तर संघटनेच्या वर्गणीतून पन्नास हजार काढावे लागणार. तेव्हा एका सभासदाचा मुलगा, पॉलिटेक्निकात शिकणारा, एका रविवारी आला आणि त्याने त्यावर स्टॉलमन-टॉरवाल्ड्स परंपरेतली लिनक्स बसवून दिली. पैसा एक घेतला नाही. चिटणिसांनी त्याला मिसळ खाऊ घातली. यंत्र चालते. सुधारणा केव्हा घ्यावयाच्या ते ते आम्हांला विचारते, आणि सुनावणीच्या दिवशी आम्ही नाही म्हणतो. 'कर्मचाऱ्यांच्या' पहिल्या फटक्याला बरोबर उमटते.

फक्त कागदपत्रांची प्रतिमा घेणारे जे यंत्र आम्ही सहा वर्षांपूर्वी घेतले, ते या व्यवस्थेत ओळखले जात नाही. ते बनविणाऱ्या कंपनीने त्याचा प्रोग्राम फक्त विंडोजसाठी केला, आणि आतली माहिती ती कोणाला देत नाही. चिटणिसांनी कंपनीला पत्र लिहिले. माझ्या हातून काही चुकले असेल असे त्यात लिहिलेले नाही, ते आम्ही पाठविण्यापूर्वी वाचून पाहिले. आता तिसरे पत्र गेले आहे. पोच आली, उत्तर अजून यावयाचे आहे.